विद्यापीठाला मान्यता आहे, मग अभ्यासक्रमाला वेगळी कशाला?

१. प्रश्न कुठून येतो

गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरचे पहिले काही आठवडे या काळात आई आणि बाळ या दोघांचीही जबाबदारी घेणारी प्रशिक्षित व्यावसायिक म्हणजे प्रसाविका. गावातली सुईण पिढीजात अनुभवावर काम करते. प्रसाविकेलाही अनुभव लागतोच, पण तो तिला ठरावीक अभ्यासक्रमातून आणि जाणत्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली मिळवावा लागतो. शेवटी परीक्षा देऊन तो सिद्धही करावा लागतो. हे शिक्षण देणारे वर्ग बहुतेक ठिकाणी एखाद्या मोठ्या संस्थेच्या पोटात चालतात. विद्यापीठातला एक विभाग, परिचर्या महाविद्यालयातली एक शाखा किंवा तंत्रशिक्षण संस्थेतला एक पदविका वर्ग असे त्यांचे स्वरूप असते.

अशा अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलीला आणि तिच्या पालकांना एक प्रश्न हमखास पडतो. विद्यापीठ नामांकित आहे, त्याला सरकारची आणि मूल्यांकन संस्थेची मान्यता आहे, मग त्यातल्या या एका अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती पुन्हा वेगळी का विचारायची?

रोजच्या पाहण्यातले एक उदाहरण घेतले की उत्तर समजते. सात मजली इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे इमारत राहण्याजोगी आहे असे ठरले. तरीही तिच्यातल्या लिफ्टची तपासणी वेगळी होते, कारण लिफ्टचा दोर, ब्रेक आणि दरवाजा पाहायला त्या यंत्राची माहिती असलेला माणूस लागतो. इमारत कितीही भक्कम असली तरी दोर विरला असेल तर जीव धोक्यातच. प्रसाविका अभ्यासक्रमाचेही तसेच आहे. ग्रंथालय उत्तम, हिशेब चोख, वसतिगृह स्वच्छ, अशा विद्यापीठातली विद्यार्थिनीसुद्धा प्रसूतिकक्षात पुरेसा वेळ न घालवता पदवी घेऊन बाहेर पडू शकते. संपूर्ण विद्यापीठ पाहायला आलेल्या समितीला ही उणीव दिसेलच असे नाही.

२. आधी चार शब्द वेगळे करू

या विषयात चार शब्द एकमेकांत मिसळतात आणि त्यातूनच बहुतेक गोंधळ होतो.

संलग्नता हे महाविद्यालय आणि विद्यापीठ यांच्यातले नाते आहे. परीक्षा कोण घेणार आणि पदवी कोणाच्या नावाने मिळणार, हे त्यातून ठरते.

अधिस्वीकृती शिक्षणाला मिळते. बाहेरच्या तज्ज्ञांनी ठरलेल्या निकषांवर एखादी संस्था किंवा अभ्यासक्रम तपासून, तो त्या निकषांना उतरतो असे जाहीर करणे, हा तिचा अर्थ.

प्रमाणन व्यक्तीला मिळते. शिक्षण संपल्यावर व्यवसायाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रसाविकेला ते दिले जाते.

परवाना किंवा नोंदणीही व्यक्तीलाच मिळते, पण ती देते सरकार किंवा सरकारने नेमलेली परिषद. तिच्याशिवाय व्यवसाय करता येत नाही.

हे चार शब्द साखळीसारखे जोडलेले आहेत. अभ्यासक्रम अधिस्वीकृत नसेल तर बहुधा प्रमाणनाच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि प्रमाणन नसेल तर परवाना अडतो. अधिस्वीकृती हा संस्थेच्या दर्शनी भिंतीवरचा कागद दिसत असला तरी त्यावर विद्यार्थिनीची उपजीविका अवलंबून असते.

३. तपासणीच्या दोन पातळ्या

अधिस्वीकृती दोन पातळ्यांवर होते. पहिली संस्थेची: तिचा कारभार, आर्थिक स्थिती, प्रवेशाची पद्धत, विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी. दुसरी एकेका अभ्यासक्रमाची: तो व्यवसाय शिकवायला जे लागते ते तिथे खरोखर आहे की नाही.

भारतातल्या वाचकाला ही विभागणी परकी नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेली, बंगळुरूला मुख्यालय असलेली ‘नॅक’ महाविद्यालये आणि विद्यापीठे तपासते. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक शाखांच्या एकेका अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती मात्र ‘एनबीए’ म्हणजे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ करते. एकाच महाविद्यालयाला नॅकची चांगली श्रेणी असते, त्यातल्या यंत्र अभियांत्रिकीला एनबीएची अधिस्वीकृती असते आणि शेजारच्या दुसऱ्या शाखेला नसते, असे घडू शकते. यात विसंगती काही नाही, कारण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

प्रसाविका शिक्षणात ही दुहेरी रचना सर्वांत स्पष्टपणे दिसते ती अमेरिकेत. म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः तिथल्या व्यवस्थेचे आहे.

४. अमेरिकेतली व्यवस्था कशी घडली

मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५ मध्ये केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिसची पायाभरणी केली. रस्ते नव्हते, त्यामुळे परिचारिका-प्रसाविका घोड्यावरून घरोघरी जात. त्यांतल्या अनेक जणींचे प्रशिक्षण ब्रिटनमध्ये झाले होते. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, ब्रिटिश प्रसाविका मायदेशी परतू लागल्या आणि सेवा चालू ठेवायची तर आपल्याच भूमीवर शिकवणे भाग पडले. त्याच वर्षी तिथे प्रसाविका शाळा निघाली. आजचे फ्रंटियर नर्सिंग विद्यापीठ हे तिचेच वाढलेले रूप. न्यूयॉर्कमध्ये मॅटर्निटी सेंटर असोसिएशनच्या पुढाकाराने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अशीच एक शाळा निघाली होती.

या शाळा लहान होत्या. शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या एकमेकींना नावाने ओळखत, कोणाच्या हाताला किती सवय झाली हे सर्वांना ठाऊक असे. पुढे शिक्षण विद्यापीठांत गेले, वर्ग वाढले आणि ही ओळख पुरेनाशी झाली. जे आधी डोळ्यांनी दिसत होते ते आता लेखी निकषांनी तपासावे लागले. १९५५ मध्ये परिचारिका-प्रसाविकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या अधिस्वीकृती विभागाला १९८२ पासून अमेरिकेच्या शिक्षण खात्याची मान्यता आहे. हाच विभाग आज एसीएमई, म्हणजे प्रसाविका शिक्षण अधिस्वीकृती आयोग, म्हणून ओळखला जातो.

परिचर्येची पदवी न घेता थेट प्रसाविकेचे शिक्षण घेण्याची दुसरी वाटही तिथे आहे. या वाटेवरच्या शिक्षिकांनी १९९१ मध्ये एमईएसी, म्हणजे प्रसाविका शिक्षण अधिस्वीकृती परिषद, उभी केली. तिला शिक्षण खात्याची मान्यता २००१ मध्ये मिळाली.

या दोन संस्था कोणत्या परीक्षेचे दार उघडतात हे लक्षात ठेवले पाहिजे. एसीएमईने अधिस्वीकृत केलेल्या अभ्यासक्रमाची पदवीधर एएमसीबी या मंडळाच्या परीक्षेला बसते आणि ‘प्रमाणित परिचारिका-प्रसाविका’ किंवा ‘प्रमाणित प्रसाविका’ होते. एमईएसीच्या वाटेने गेलेली विद्यार्थिनी एनएआरएम या नोंदणी संस्थेची परीक्षा देऊन ‘प्रमाणित व्यावसायिक प्रसाविका’ होते. या तिसऱ्या प्रकारच्या प्रसाविकेला प्रत्येक राज्यात परवाना मिळत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी आपण कोणत्या राज्यात काम करणार हेही पाहावे लागते.

५. स्वतंत्र शाळा आणि मोठ्या संस्थेतला विभाग

प्रसाविका शिक्षण देणारी शाळा दोन प्रकारची असते. एक, स्वतःच्या पायावर उभी असलेली, फक्त प्रसाविका घडवणारी. दुसरी, मोठ्या संस्थेतला एक विभाग. एमईएसी या दोन्ही प्रकारच्या शाळा तपासते आणि दोन्हींकडे वेगळ्या नजरेने पाहते.

स्वतंत्र शाळेत सगळी जबाबदारी शाळेचीच. शुल्क परत करण्याचे नियम, हिशेब तपासणी, इमारत, ग्रंथालय, तक्रार निवारण, सगळे अधिस्वीकृती करणाऱ्यालाच पाहावे लागते, कारण ते पाहणारे दुसरे कोणी नसते. विभाग मोठ्या संस्थेत असेल तर यातला बराच भाग संस्थेच्या अधिस्वीकृतीत आधीच तपासलेला असतो. मग लक्ष वेगळ्या ठिकाणी जाते: संस्थेकडे जे आहे ते या विभागाच्या वाट्याला येते का?

सामायिक विहिरीचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. विहीर खोल आहे, पाणी बारमाही आहे, चार भावांचा हिस्सा आहे. तरी धाकट्याचे शेत भिजेलच असे नाही. त्याची पाण्याची पाळी कोणत्या दिवशी, किती तास, आणि सातबाऱ्यावर त्याचा हिस्सा नोंदलेला आहे का, यावर त्याचे पीक अवलंबून असते. विद्यापीठाकडे सराव प्रयोगशाळा आहे एवढ्याने भागत नाही. प्रसाविका विभागाला ती आठवड्यातून किती तास मिळते आणि ते लेखी ठरले आहे का, हे तपासावे लागते. तीच गोष्ट अंदाजपत्रकाची, शिक्षिकांच्या पदांची आणि रुग्णालयातल्या जागांची.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. मोठ्या संस्थेत प्रसाविका विभाग बहुधा सर्वांत लहानांपैकी असतो. त्याचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत एकही प्रसाविका नसेल, तर विषयाचा आत्माच हरवतो. आंतरराष्ट्रीय प्रसाविका महासंघाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली आणि नंतर सुधारलेली जागतिक शैक्षणिक मानके या बाबतीत स्पष्ट आहेत. यजमान संस्थेने प्रसाविका शिक्षणाचे तत्त्व आणि उद्दिष्ट मान्य केले पाहिजे, अभ्यासक्रमाची प्रमुख स्वतः प्रसाविका शिक्षिका असली पाहिजे आणि अभ्यासक्रम घडवण्याचा अधिकार प्रसाविका शिक्षकवर्गाकडे राहिला पाहिजे.

वॉशिंग्टन राज्यातली सिएटल मिडवायफरी स्कूल हे या दोन्ही प्रकारांतून गेलेले उदाहरण. १९७८ मध्ये ती स्वतंत्र शाळा म्हणून सुरू झाली आणि २००९-१० च्या सुमारास बॅस्टिर विद्यापीठात विलीन होऊन त्याचा प्रसाविका विभाग बनली. तेव्हापासून रचना दुपदरी झाली. संपूर्ण विद्यापीठासाठी वायव्य विभागाच्या महाविद्यालय-विद्यापीठ आयोगाची अधिस्वीकृती, आणि प्रसाविका अभ्यासक्रमासाठी एमईएसीची. विद्यापीठाच्या छत्रामुळे पदव्युत्तर पदवी देण्याची सोय झाली. व्यवसायाची तपासणी मात्र व्यवसायातल्या जाणकारांकडेच राहिली.

दुपदरी रचनेला पैशाचाही एक पदर आहे. अमेरिकेत १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे अनुदान आणि कर्ज मिळते, पण संस्था मान्यताप्राप्त मंडळाने अधिस्वीकृत केलेली असली तरच. मोठ्या संस्थेतल्या विद्यार्थिनीला हे साहाय्य संस्थेच्या अधिस्वीकृतीमुळे मिळते. अभ्यासक्रमाच्या अधिस्वीकृतीमुळे तिला परीक्षेला बसता येते. एक चावी शुल्काची, दुसरी व्यवसायाची. दोन्ही हातात असल्याखेरीज तिचा मार्ग पूर्ण होत नाही.

६. काय काय तपासतात

एसीएमईच्या निकषांचे सहा गट आहेत: संघटन आणि प्रशासन, शिक्षकवर्ग, विद्यार्थी, अभ्यासक्रम, साधनसामग्री आणि निष्पत्ती. सगळ्यांत कस लागतो तो प्रात्यक्षिक अनुभवाचा. जागतिक मानकांनुसार प्रसाविका शिक्षणात किमान ४० टक्के वाटा सिद्धांताचा आणि किमान ५० टक्के वाटा प्रात्यक्षिकाचा असावा लागतो.

इथे एक साधे गणित करून पाहू. एनएआरएमच्या नेहमीच्या अटींनुसार उमेदवार विद्यार्थिनीला ५५ बाळंतपणांचा अनुभव लागतो: १० निरीक्षक म्हणून, २० साहाय्यक म्हणून आणि २५ देखरेखीखाली मुख्य जबाबदारी घेऊन. समजा, एका विभागात दरवर्षी ८ विद्यार्थिनी घेतल्या जातात. मुख्य जबाबदारीची बाळंतपणे हवीत ८ गुणिले २५, म्हणजे २००. एका बाळंतपणात मुख्य जबाबदारी एकीचीच असते, तिथे दोघींची नोंद होऊ शकत नाही. आता समजा, विभागाशी करार केलेल्या प्रसूतिगृहात वर्षाला १५० बाळंतपणे होतात. ती सगळीच्या सगळी विद्यार्थिनींच्या वाट्याला आली तरी ५० कमी पडतात. प्रत्यक्षात काही माता विद्यार्थिनीला नकार देतात, काहींना ऐनवेळी मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते, म्हणजे तूट आणखी वाढते. विभागापुढे तीनच मार्ग उरतात: दुसऱ्या प्रसूतिगृहाशी करार करणे, शिक्षणाचा कालावधी वाढवणे किंवा जागा कमी करणे. हे गणित प्रवेश देण्याआधी करायला लावणे, हे अधिस्वीकृतीचे मोठे काम आहे. नाहीतर त्याची किंमत विद्यार्थिनी मोजते आणि तिच्यानंतर तिच्या हाती येणारी माता.

७. तपासणी कशी होते

पहिली पायरी आत्मपरीक्षणाची. विभाग प्रत्येक निकषापुढे स्वतःची स्थिती लिहितो आणि पुरावा जोडतो. या अहवालाला अनेक महिने लागतात, आणि खरी सुधारणा बहुधा याच काळात होते, कारण लिहिताना स्वतःच्या उणिवा स्वतःलाच दिसतात.

दुसरी पायरी भेटीची. प्रसाविका शिक्षणाचा अनुभव असलेल्या परीक्षकांचे छोटे पथक येते. ते विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना भेटते, पण तेवढ्यावर थांबत नाही. विद्यार्थिनींशी शिक्षिकांच्या अनुपस्थितीत बोलते, जिथे प्रात्यक्षिक चालते तिथे जाते आणि नोंदवह्या उघडते.

नोंदवहीतली एक ओळ किती बोलते हे पाहण्यासारखे असते. तारीख, वेळ, मातेचा सांकेतिक क्रमांक, कितवे बाळंतपण, कळा सुरू असताना विद्यार्थिनी किती तास सोबत होती, बाळ जन्मल्यानंतर वार केव्हा पडली, रक्तस्राव किती झाला, बाळाची पहिली तपासणी कोणी केली आणि शेवटी देखरेख करणाऱ्या प्रसाविकेची सही. एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन वेगळ्या ठिकाणी एकाच पर्यवेक्षिकेची सही असेल, तर देखरेख कागदावरच झाली हे उघड होते. सलग दहा ओळींत सोबतीचा वेळ अगदीच थोडा असेल, तर विद्यार्थिनीला फक्त बाळ बाहेर येताना बोलावले जाते आणि कळांमधली लांबलचक, धीर देण्याची वेळ तिने पाहिलेलीच नाही, असा अर्थ निघतो. प्रसाविकेचे निम्मे कौशल्य त्या धीराच्या तासांत असते.

तिसरी पायरी निर्णयाची. पथक फक्त जे पाहिले ते लिहिते, निर्णय आयोगाचे मंडळ घेते. अगदी नव्या अभ्यासक्रमाला आधी पूर्व-अधिस्वीकृती मिळू शकते आणि त्यातून बाहेर पडलेल्या विद्यार्थिनींना एएमसीबीची परीक्षा देता येते. जुन्या, स्थिरावलेल्या अभ्यासक्रमाला एसीएमई एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची अधिस्वीकृती देते. मधल्या काळातही अहवाल द्यावे लागतात आणि मोठे बदल कळवावे लागतात.

८. निकालाचा आकडा कसा वाचावा

निष्पत्ती या गटात परीक्षेचा निकाल येतो. हा आकडा जाहिरातीत ठळक छापला जातो, म्हणून तो वाचता आला पाहिजे.

समजा, १० जणींनी प्रवेश घेतला. दोघींनी मध्येच सोडले, आठ जणींनी शिक्षण पूर्ण केले आणि त्यातल्या सात जणी प्रमाणन परीक्षा पहिल्याच वेळी उत्तीर्ण झाल्या. परीक्षेचा निकाल आठात सात, म्हणजे ८७.५ टक्के. पण प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या दृष्टीने दहातल्या सातच जणी प्रसाविका झाल्या, म्हणजे ७० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणूनच तपासणीत परीक्षेच्या निकालाबरोबर शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही पाहिले जाते. प्रवेश घेणाऱ्यानेही हे दोन आकडे शेजारीशेजारी मागावेत.

९. एक शिक्का गेला तर

दोन अधिस्वीकृतींपैकी एक राहिली आणि एक गेली तर काय होते? अभ्यासक्रमाची गेली, तर विद्यापीठाची पदवी पदवी म्हणून उरते, पण प्रमाणन परीक्षेचे दार बंद होते. संस्थेची गेली, तर सरकारी आर्थिक साहाय्य थांबते आणि पदवीचेही मोल घसरते, मग विभाग कितीही चांगला असो. विभाग बंद करण्याचा निर्णय संस्थेने घेतला, तर आत असलेल्या विद्यार्थिनींचे शिक्षण कसे पूर्ण होईल, प्रसंगी कोणत्या दुसऱ्या संस्थेत होईल, याची लेखी योजना अधिस्वीकृती करणारी संस्था मागते. अर्ध्या वाटेवर कोणी सुटून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

अधिस्वीकृतीला मर्यादाही आहेत. ती किमान पातळीची खात्री देते, प्रत्येक शिक्षिकेच्या गुणवत्तेची नाही. भेटीचा दिवस हा एक दिवसच असतो. परिचर्या महाविद्यालयातल्या प्रसाविका विभागाला परिचर्येच्या अधिस्वीकृती मंडळालाही सामोरे जावे लागते आणि एकच माहिती तीन नमुन्यांत भरताना लहान शिक्षकवर्गाचा शिकवण्याचा वेळ खर्च होतो. हा भार हलका करायला हवा. पण भार आहे म्हणून तपासणीच नको, हा त्यावरचा उपाय नव्हे.

१०. भारतातले चित्र

भारतात प्रसाविका शिक्षण परिचर्येत गुंफलेले आहे. एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा, या तिन्ही अभ्यासक्रमांत प्रसूतिशास्त्राचा भाग असतो. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद शिक्षणाचे मानदंड ठरवत आली आहे, नोंदणी राज्यांच्या परिषदा करतात आणि महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांची संलग्नता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसाविका सेवांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि परिचारिकांसाठी १८ महिन्यांचे खास प्रसाविका प्रशिक्षण आखले. ते आंतरराष्ट्रीय महासंघाच्या कौशल्य-निकषांना धरून आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्यात शिक्षणसंस्थांच्या मूल्यांकन आणि मानांकनासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे.

या मंडळापुढे तोच प्रश्न उभा राहील जो अमेरिकेत एकेका विद्यापीठात सोडवावा लागला: मोठ्या संस्थेतल्या लहान विभागाचा हिस्सा कसा मोजायचा? त्यासाठी महाविद्यालयाची श्रेणी पाहून भागणार नाही. प्रसाविका शिक्षिका किती, त्यांच्या हाती अधिकार किती, प्रत्येक विद्यार्थिनीला बाळंतपणे किती मिळाली आणि त्यातल्या किती कळा तिने सोबत बसून पाहिल्या, हे स्वतंत्रपणे विचारावे लागेल.

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थिनीनेही हेच विचारावे. संस्थेला मान्यता कोणाची, अभ्यासक्रमाला कोणाची, ती कोणत्या तारखेपर्यंत, आणि इथली पदवी घेतल्यावर कोणत्या परिषदेत नोंदणी होईल? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली, की मगच शुल्क भरावे.